आप्पांचं अर्धं गाणं

एका माणसाला विसर पडायला लागला, की घरातल्या बाकीच्यांकडे त्याच्या आठवणी साचत जातात. माझे सासरे, आमचे आप्पा, यांचे किस्से असेच साचलेत. ओट्यावर बाया जमल्या की म्हणतात, "आप्पांचं सांग ना वं!" मी सांगते, आणि त्या पोट धरून हसतात. हसा बायांनो, हसा!

प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी आमचा मळा. आप्पांनी जन्मभर मोट हाकली. मग दुसऱ्या महायुद्धाच्या आधी यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं. मोट गोठ्यात टांगली, बैल विकले. आप्पांना कामच उरलं नाही, आणि हळूहळू डोक्यातूनही एकेक निसटायला लागलं.

*

पहिल्यांदा कळलं ते असं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तर आप्पा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"रामराम बाई. कोनाकडे उनात?"

सासूबाईंना वाटलं, थट्टा करतायत. म्हणाल्या, "इश्श! मी तुमनी बायको!"

आप्पांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "खोटं नका बोला. मन्ही बायको जवान शे!"

आम्ही खो खो हसलो. सासूबाईपण हसल्या. मग तांब्या तिथेच ठेवून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

गाव म्हणालं, बाहेरची बाधा आहे. भगत आला. धूप जाळला, लिंबं उतरवली, घुमायला लागला. आप्पा शांतपणे बघत बसले होते. शेवटी त्यांनी मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुले काय व्हयनं रे भाऊ?"

भगत दक्षिणा न घेता गेला!

पण त्यानंतर आप्पांनी खाणंच सोडलं. दात घट्ट आवळून बसायचे. सासूबाई घास घेऊन विनवायच्या, तर आप्पा परक्या बाईकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघायचे. गालाची हाडं वर आली. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार, असं मला वाटायला लागलं. रोज सकाळी मी दाराआडून आधी त्यांची छाती हलतेय का ते बघायची.

एक दिवस आमचा सालदार दगडू म्हशीला वैरण टाकता टाकता आप्पांचंच मोटेचं गाणं गुणगुणत होता. पूर्वी प्रत्येक मोटकऱ्याचं आपलं आपलं गाणं असायचं, त्यात आपल्याच बैलांची नावं.

"चाल मन्हा हौश्या, चाल मन्हा खैऱ्या..."

आणि पुढची ओळ आप्पांनी उचलली! तोंड उघडलेलं बघून सासूबाईंनी घास आत सारला. आप्पांनी चावला, गिळला, परत गायला लागले. त्या दिवशी अख्खी भाकर पोटात गेली. मग यांच्याकडे बघून म्हणाले, "सदा, बैलसले पानी पाज."

पोराचं नाव किती महिन्यांनी घेतलं होतं! हे एवढे दांडगे, पण म्हशीच्या आड जाऊन रडले.

*

मग यांच्या डोक्यात आलं, गाण्याने गुण येतो ना? तर फर्स्टक्लास गाणं आणू! शहाद्याचे कापडवाले करीमभाई यांचे दोस्त. त्यांचा फोनो गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून आणला. करीमभाई स्वतः सोबत आले. चावी दिली, रेकॉर्ड लावली, आणि कुणी बाई उंच आवाजात नाटकातलं पद गायला लागली.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "पेटीमा कोनले कोंडेल शे? सोडा तिले! मरी जाई ती!"

आणि लेकरासारखे हमसून रडायला लागले. करीमभाईंनी झटकन सुई उचलली. त्यांच्याजवळ बसून हात हातात घेतला. "छोड दिया बाबा. वो घर गई."

जाताना यांना म्हणाले, "भाई, इनका गाना इनके पास ही है. दूसरा मत लाओ."

*

पण आपलंच गाणं जिवावर उठेल, हे करीमभाईंना तरी काय माहीत!

मोटेचं गाणं दोन तुकड्यांचं. पहिला तुकडा म्हणायचा तेव्हा बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली गेलेल्या उतारावरून, पुढे चालतात आणि पाण्याने भरलेली मोट वर येते. मोट रिकामी झाली की दुसरा तुकडा. त्यावर बैल उलट्या पावली विहिरीकडे येतात. कासरा ओढत हाकणाराही उलटा येतो.

आता सासूबाई रोज हे गाणं म्हणतच घास भरवायच्या. एकदा नादात दुसऱ्या तुकड्यापर्यंत गेल्या. आप्पा उठले. हातात नसलेला कासरा ओढला, आणि मागे मागे जायला लागले, थेट पेटत्या चुलीकडे! धोतराचा सोगा निखाऱ्यात गेला. दगडूने कळशीभर पाणी ओतलं म्हणून बरं.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. गाणं अर्धंच म्हणायचं. पहिला तुकडा संपला की परत पहिलाच!

पण शेजारच्या मळ्यात अजून मोट चालायची. तिथल्या नारायणभाऊंचा आवाज आला की आप्पा अंगणात पुढे-मागे, पुढे-मागे. हे हात जोडून सांगायला गेले, "भाऊ, जरा हळू गा."

नारायणभाऊ म्हणाले, "मी हळू गासू बी, पन बैल ऐकतीन का?"

मी मात्र तेव्हापासून आप्पांच्या खाटेवरची नजर हलवत नव्हते.

*

आणि तरी तो दिवस आलाच. सासूबाई तापाने फणफणलेल्या. हे आणि दगडू बाजाराला गेलेले. मी कपाळावरची पट्टी बदलून बाहेर आले, तर खाट रिकामी!

वं माय! चप्पल न घालता विहिरीकडे पळत सुटले. आप्पा धावेच्या वरच्या टोकाला. तोंड माझ्याकडे, पाठ पाण्याकडे, दोन्ही हातांत नसलेला कासरा. नारायणभाऊंच्या मळ्यातून दुसरा तुकडा ऐकू येत होता, आणि प्रत्येक ओळीला आप्पांचं एकेक पाऊल मागे. टाचा काठाच्या दगडाला लागल्या होत्या. धावत जाऊन धरावं तर दचकून मागेच जायचे.

बायांनो, आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आप्पांनी माझा आवाज ऐकला नव्हता, चेहरा पाहिला नव्हता. त्यात सासूबाई घरात गुणगुणायच्या ते वेगळं, उघड्यावर मोटेचं गाणं म्हणायचं ते पुरुषाने. पण मला कुठलं भान! पदर कुठे गेला तेही कळलं नाही. होता नव्हता तेवढा आवाज लावून मी पहिला तुकडा ओरडले,

"चाल मन्हा हौश्याऽऽ! चाल मन्हा खैऱ्याऽऽ!"

पाऊल थांबलं. मी परत म्हटलं. माझा आवाज फाटला होता. आप्पांनी मान वर केली, आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. मी उलटी मागे सरकत होते, गात होते, आणि ते माझ्या गाण्यावर धाव उतरत होते. खाली आले तशी मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि मोठमोठ्याने रडायला लागले.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या उघड्या डोक्याकडे बघितलं. मग इकडे तिकडे पाहत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"पोरी, डोकावर पदर ले बरं. तुन्हा सासरा मोठा रागीट शे. देखी तर बोली तुले!"