दोन घासांचं पोट

माझा जन्म पन्नासच्या दशकातला, सिंदेवाहीजवळच्या एका तलावकाठच्या गावात. तेव्हा घरच्या बायका पुरुषांची ताटं उठल्यावरच जेवायच्या. काळ बदलला, पण माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या बाईने, ती रीत सोडली नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर तिने मला आपला एक गुर्दा, म्हणजे किडनी, दिला, तरीही सोडली नाही.

नागपूरहून ऑपरेशन करून आलो. शरीराने हा परका गुर्दा झिडकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या. गुर्दा कामाला लागला, पोटाने मात्र संप पुकारला. दोन घासांतच गच्च व्हायचं. सकाळचा भात संध्याकाळीही पोटात तसाच. आणि बाई समोर उपाशी बसून.

"काऊन जेवत नाईस? माहा गुर्दा तुले मानवला नाई का?"

त्या दिवसापासून मी ताट संपवू लागलो. मी हात धुतला की ती जेवायला बसायची आणि मी गोठ्यामागे जाऊन सगळं ओकून टाकायचो. सोबत गोळ्याही जात असतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण इतका शहाणा माणूस गावात दुसरा नव्हता.

तपासणीत रक्तातलं औषध कमी निघालं आणि गुर्दाही कुरकुरू लागलेला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकवता का? बाई शेजारीच होती. आणखी खोटं बोललो असतो तर तिने दिलेला गुर्दा हातचा गेला असता. तिच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. फार लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले, पोट मंद झालंय, गोळ्यांनीही होतं असं. त्यांनी एक गोळी बदलली. दिवसातून सहा वेळा थोडंथोडं, मऊ-पातळ खायचं, आणि ओकारी झाली तर लपवायची नाही.

घरी येऊन तिने भात-मासे रांधले. माझ्यासाठी वाटीभर पेज झाकून ठेवली आणि स्वतःचं ताट वाढून माझ्यासमोर बसली.

"तू तुह्या पोटाले इचारून खाय. मी जेवून राह्यली," म्हणाली.

तिला जेवताना मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होतो. ती फार भराभर जेवते, कुणी मधेच उठवेल अशा घाईने, हे मला तोवर माहीत नव्हतं.