कृष्णेच्या काठानं बागेपर्यंत

"आधी सांगली बघून येऊ, मग काय ते बोलू," असं आबांनी जेवताजेवता सांगितलं आणि माझ्या कॉलेजचा विषय तिथंच थांबवला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मॅट्रिक पास होऊन मी साताऱ्याजवळच्या आमच्या गावात घरी बसले होते. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, त्यावर कमरेपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात कुबडी. शाळा गावातच होती म्हणून जमली. कॉलेज मात्र बाहेर. सांगलीत विश्रामबागेत माझी मावशी राहायची आणि तिच्या घरापासून कॉलेज चालत जाण्याजोगं होतं. आबा, माझे वडील, लष्करातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांना एवढंच बघायचं होतं, की पोरगी परक्या गावात कुणी उचलून न नेता चालेल का.

म्हणून ऐन थंडीत आम्ही दोघं निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर सकाळची लाल एसटी पकडली. माझ्यासारखं कुणी एसटीनं जाणार असेल तर एक ऐका: पायरी फार उंच असते, तेव्हा आधी कुबडी आत द्यायची, मग दांडी धरून दोन्ही हातांवर अंग वर घ्यायचं. मागच्या माणसांची कुरकुर ऐकायची नाही. कंडक्टरनं दाराजवळची जागा रिकामी करून दिली. कराडच्या स्टँडवर गरम भजी आणि चहा झाला. इस्लामपूर सोडल्यावर उसाच्या गाड्यांमागून गाडी रांगत होती, खिडकीतून मळीचा वास येत होता. आबा सगळा वेळ बाहेर बघत होते. कुठल्या शेतात ऊस कसा आलाय तेवढंच काय ते बोलले.

मावशीनं दुसऱ्या दिवसाचा बेत आधीच आखून ठेवला होता. टांग्यानं गणपतीचं दर्शन, टांग्यानंच नदीकाठची बाग, जेवायला घरी. मी म्हटलं, देवळापर्यंत टांगा, तिथून बागेपर्यंत मी चालणार. मावशी आबांकडं बघायला लागली. आबांनी मान हलवली.

सांगलीत एक मोकळी सकाळ हाताशी असेल तर ही वाट धराच. देवळापासून घाटाकडं उतरायचं, पण पायऱ्यांच्या नादी लागायचं नाही. वरच्या अंगानं मातीची रुंद, सपाट वाट पाण्याला धरून जाते. डोक्यावर चिंचा आणि करंज, डाव्या हाताला कृष्णा. आमच्या गावावरूनच वाहत आलेली, पण इथं येईपर्यंत अंगानं भरलेली, सावकाश. समोर आयर्विन पुलाच्या दगडी कमानी. घाटावर धुणी चाललेली, पलीकडच्या काठाला म्हशी डुंबत होत्या. धडधाकट माणूस ही वाट गप्पा मारत सहज संपवेल. मला ती लांब होती.

निम्मी वाट छान गेली. मावशी बरोबर चालत होती, आबा बरंच मागं. पुढं एका ठिकाणी ओली धुणी वर नेताना सांडलेल्या पाण्यानं वाटेवर चिखल झाला होता. कॅलिपरच्या गुडघ्याला खटका असतो. तो लागला की पाय ताठ राहतो. चिखलात बूट सरकला, खटका निसटला, पाय दुमडला आणि मी आडवी झाले.

मावशी वाकली. धुणं टाकून एक बाईही धावत आली. तिनं माझ्या काखेत हात घातला, तोच मागून आबांचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या. उठंल ती."

बाई त्यांना नाही नाही ते बोलली. बाप हाय का कोण, असंही म्हणाली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा जागचे हलले नाहीत. मला त्यांचा असा राग आला की रडूच फुटेना. चिखलात बसूनच मी पाय सरळ केला, खटका लावला, कुबडी रोवली. पहिल्यांदा घसरले. दुसऱ्यांदा उभी राहिले. उभी राहून मागं पाहिलं, तर आबांनी दोन्ही मुठी आवळून छातीशी धरल्या होत्या. माझा राग तिथंच गेला.

ती बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "लय धीराची हाय गं बाई." मग वाटेवरच्या चिखलात तिनं एक सपाट दगड आणून टाकला आणि पुन्हा धुण्याला बसली.

पुढची वाट मी ओल्या परकरानं, मान वर करून चालले. बाग म्हणजे फार काही नव्हती. तारेचं कुंपण, झेंडू, दोन झोपाळे, पाण्याचा नळ आणि नदीकडं तोंड केलेला दगडी बाक. पण त्या बाकावर बसले तेव्हा अख्खी कृष्णा माझ्यासाठी थांबलीय असं वाटत होतं. आबा कुठूनसा भडंगाचा पुडा घेऊन आले. आधी माझ्या ओंजळीत ओतला, मग मावशीकडं वळले.

"जूनपासनं ही तुमच्याकडं. चालंल न्हवं?"

"चालंल म्हंजे काय, दाजी? पळंल," मावशी म्हणाली. हसताहसता तिनं डोळे पुसले.

जाताना टांगा करू, असं आबा म्हणाले. मी म्हटलं, मी चालतच येणार. आणि आले.

घरी परतल्यावर आईनं आधी खरचटलेला कोपर पाहिला, मग आबांना धारेवर धरलं. पारावर मात्र आबा आठवडाभर तीच गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक वेळी नदीकाठची वाट थोडी लांबत होती. पुढं मी पुष्कळ हिंडले, डोंगर पाहिले, समुद्र पाहिला. कुठंही पडायची वेळ आली की आधी मला तो चिखल आठवतो, आणि मग उठणं अवघड वाटत नाही.

जून जवळ आला तेव्हा आबांनी माळ्यावरून त्यांची लष्करातली काळी ट्रंक काढली. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचा हुद्दा, नंबर आणि नाव होतं. अंगणात बसून त्यांनी त्यावर काळा रंग फिरवला. तो वाळल्यावर, एकेक अक्षर जपून, माझं नाव घातलं आणि खाली लिहिलं: सांगली.