बारा व्होल्टचा टीव्ही

पेडण्यात माझं टीव्ही आणि बॅटरीचं दुकान आहे. गेल्या वर्षी तिथं साठीचे एक गृहस्थ आले. पूर्वी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे; आता जीपमागे ओढायचं ट्रेलरचं घर बांधून बायकोसोबत हिंडत होते. त्यांना ट्रेलरच्या बॅटरीवर थेट चालणारा टीव्ही हवा होता.

मी मोठा टीव्ही दाखवला, सोबत इन्व्हर्टर. त्यांनी मान हलवली.

"इन्व्हर्टर मधीच बॅटरी खाता. बारा व्होल्टचोच दाखवा."

मी तसले दोन लावून दिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. एकेक टीव्ही फिरवून मागच्या स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटून बातम्या ऐकल्या.

"बायलेक दिसणा नाय," बाहेर ट्रेलरमध्ये बसलेल्या बायकोबद्दल ते म्हणाले. "दोन वर्सां झाली. डॉक्टर थकले."

"मग रेडिओ घ्या ना. बॅटरी कितीतरी जास्त टिकेल."

"रेडिओ घरा हाडलेलो. तर ती म्हणाक लागली, माजे डोळे परत येवचे नाय, असां ठरवलात काय तुमी?"

त्यांनी निवडलेला टीव्ही घेऊन मी ट्रेलरमध्ये गेलो, वायर जोडली, फ्यूज बसवला. बाई खाटेवर बसल्या होत्या. टीव्ही सुरू होताच त्यांनी चेहरा आवाजाकडे वळवला.

"चित्र बरां येता मां?"

"एकदम स्वच्छ," असं म्हणत ते शेजारी बसले आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीचा रंग बायकोला सांगू लागले.