एकाच खिडकीत सगळं

दोन हजार अकराच्या सुमारास मी सिंगापुरातल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. आम्ही फाइल मॅनेजर बनवायचो. म्हणजे कॉम्प्युटरमधले फोल्डर उघडून आत काय आहे ते दाखवणारी खिडकी. वापरतात सगळेच, लक्ष कुणी देत नाही. नव्या आवृत्तीत त्याच खिडकीत वेबसाइटही उघडावी की नाही, यावरून ऑफिसात दोन तट पडले होते. उघडावी म्हणणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते. भाजी एका दुकानात आणि कोथिंबीर दुसऱ्यात, असा हेलपाटा माणसाने का घालावा?

आमचा बॉस इथलाच, चिनी. तो दोन्ही बाजूंचं ऐकून मान हलवायचा. शेवटी म्हणाला, "घरच्या कुणाला तरी वापरायला दे. महिन्याने सांग."

घरी आयतंच माणूस होतं. माझे सासरे सहा महिन्यांसाठी सिंगापुरात, सेंगकांग भागातल्या आमच्या घरी आले होते. जिल्ह्याच्या कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. कागद फाइलला लागला नाही तर त्यांना जेवण जायचं नाही. त्यांच्या लॅपटॉपवर मी आमची चाचणीची आवृत्ती टाकली. वेबसाइटचं पान जसंच्या तसं फोल्डरमध्ये ठेवता येतं हे दाखवल्यावर ते हरखलेच. आठवड्याभरात 'पंचांग', 'मधुमेह', 'बसचे नंबर' आणि 'चिरंजीव' असे फोल्डर तयार झाले.

चिरंजीव म्हणजे माझा नवरा. तो मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर होता आणि तेव्हा एडनच्या आखातातून सुएझकडे निघाला होता. त्या काळी तिथे सोमाली चाचे जहाजं पकडत आणि माणसांना महिनोन्महिने ओलीस ठेवत. मी त्याचा विचार ठरवून करत नसे. केल्याने जहाज काही लवकर पोचत नव्हतं. सासऱ्यांना मात्र कुठलं जहाज कुठे आहे ते नकाशावर दाखवणारी एक वेबसाइट सापडली होती. लाल त्रिकोण म्हणजे आपलं जहाज. सोमवारी त्यांनी मला तो एडनजवळ दाखवला.

बुधवारपासून त्यांनी सकाळी खाली फिरायला जाणं बंद केलं. ताटात अर्धी पोळी राहू लागली. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, कसकस वाटतंय." गुरुवारी मी मुद्दाम सांगितलं, "मेल आलाय हं त्याचा. बरा आहे, सगळं व्यवस्थित चाललंय." खोटा दाखला घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"असं का. बरं."

शुक्रवारी ऑफिसातून आले तर दारातच मुलीने शाळेतलं सिंगापुरी इंग्रजी मिसळून तक्रार केली. "आई, आजोबा होल डे मॅपच बघतात. माझ्याशी कॅरमपण नाही खेळले. नॉट नॉर्मल, लाह."

मी पर्स ठेवली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बाबा, काय होतंय ते सांगा. डॉक्टरकडे जायचं तर आत्ता निघू, नंतर गर्दी होते."

"डॉक्टर काय करणार? तू आता लपवू नकोस. बाप आहे मी त्याचा."

"काय लपवतेय मी?"

"जहाज एडनजवळ उभं आहे. चार दिवस जागचं हललेलं नाही. आणि तू म्हणतेस व्यवस्थित."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? रोज सकाळी बघतोय."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, 'चिरंजीव' उघडला आणि आतल्या पानावर डबल क्लिक केलं. नकाशा आला, एडन आलं, लाल त्रिकोण आला. क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मेल येऊन दीड दिवस झाला होता. मग वरच्या पट्टीकडे लक्ष गेलं. तिथे वेबसाइटचा पत्ता नव्हता, त्यांच्याच फोल्डरचा होता. त्याच जागी, तसल्याच बारीक अक्षरांत.

"बाबा, हे सोमवारचं पान आहे. तुम्ही ठेवलेलं."

"छे! हे वाच. तीन मिनिटांपूर्वीची नोंद."

"सोमवारी तीन मिनिटांपूर्वीची. काल काय होतं?"

"तीन मिनिटं."

"परवा?"

त्यांनी ती नोंद पुन्हा वाचली. "तीनच. मला वाटलं, माणसं नियमित आहेत."

मी त्याच खिडकीत वेबसाइटचा पत्ता टाकला. नकाशा तोच. त्रिकोण मात्र सुएझजवळ, कालव्यात शिरायला रांगेत उभा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून बघितलं.

"पस्तीस वर्षं लोकांना तारखेवरून परत पाठवलं," ते म्हणाले. "आणि स्वतः चार दिवस शिळा कागद बघत बसलो."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुला माहीत असणार, असंच धरून चाललो होतो. ऑफिस सांभाळतेस, पोरीला सांभाळतेस. त्यात मी कुठे रडत बसू?"

"दोन पोळ्या टाकते. पूर्ण संपवायच्या."

त्यांनी तीन खाल्ल्या.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी पक्ष बदलला. बॉस म्हणाला, "दोन महिने तू माझं डोकं खाल्लंस, एकच खिडकी हवी म्हणून!"

"खाल्लं. चुकलं माझं."

एकाने सुचवलं, जपलेल्या पानावर तारखेची पिवळी पट्टी टाकू. मी म्हटलं, पट्टी आपण वाचतो, ते आपलं कामच आहे. घाबरलेला माणूस नुसता नकाशा बघतो. त्याच्या घरातलं कपाट कुठलं आणि बाहेरचा रस्ता कुठला, हे त्याला न वाचता कळलं पाहिजे. तासभर वाद झाला. शेवटी वेबसाइटचा भाग काढायचा ठरला. फोल्डर फोल्डरच्या खिडकीत, जपलेली पानंही तिथेच. बाहेरचं जे काही असेल ते ब्राउझरमध्ये, वेगळं.

सासऱ्यांना हे अजिबात आवडलं नाही. "माझ्या एकट्याच्या गाढवपणापायी सगळ्यांची सोय काढलीस?"

"हो."

"सूनबाई, आमचे साहेबसुद्धा इतके कडक नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीचा डबा भरत होते. हॉलमधून हाक आली. त्यांनी ब्राउझर उघडला होता, पत्ता स्वतः टाकला होता.

"अगं, हे आजचंच ना?"

"हो, आजचंच," मी ओट्याजवळूनच म्हटलं.

"बघून सांग."

गॅस बंद केला, हात पुसले आणि जाऊन बघून सांगितलं.