खाणीतल्या पाण्यातले मणी

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक जुनं भुयार आहे. त्याला सगळे खाणच म्हणतात. कोण्या काळी तिथून चांदी काढून जुन्नरच्या बाजाराला नेत, असं जुनी माणसं सांगायची. ती चांदी कोणी पाहिलेली नव्हती. आम्हा बायकांना खाणीतलं पाणी तेवढं माहीत. वाकून आत गेलं की खडकात एक टाकं लागतं. खालच्या विहिरी आटल्या तरी ते आटत नसे. आमची वस्ती त्या टाक्यावरच जगली.

टाक्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या आसरा, पाण्यातल्या देवी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मूल घेऊन सासरी परत आलं की बाई तिथे पाण्याची ओटी भरते आणि मंगळसूत्रातला एक मणी पाण्यात सोडते. ऐपत असली तर सोन्याचा, नाहीतर चांदीचा. हे पुरुषांना सांगायचं नसतं. माझ्या वेळी सासूबाई मागे उभ्या होत्या. मणी पाण्यात गेला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही.

"गेला," त्या म्हणाल्या. "आता बोलायचं न्हाई."

करोना सरल्यावर जुन्या खाणी तपासणारी माणसं आली. एक साहेब, एक मॅडम आणि मजूर. देवळाजवळ त्यांनी तंबू ठोकला. आमचे मालक त्यांना वाट दाखवायला लागले आणि मी त्यांचा स्वयंपाक करायला. साहेबांपुढे ताट ठेवलं की मी आत पळायची. मॅडम मात्र चुलीपाशीच येऊन बसायच्या. "ताई, मला पण थापायला शिकवा ना," म्हणायच्या. त्यांची भाकरी तव्यावर जाण्याआधीच फाटायची. मी पदर तोंडाला लावून हसायची, बोलायची नाही.

त्यांनी भुयाराच्या तोंडाशी दगड फोडले आणि टाक्याच्या तळातला गाळ पिशव्यांत भरून तपासायला पाठवला. मग एका दुपारी मालक धापा टाकत घरी आले.

"अगं, सोनं निघालं! खाणीतल्या मातीत सोनं, चांदी बी! साहेबांना फोन आला. तुझ्या भावाला सांग, आता मेव्हण्याला राव म्हणायचं!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

टाक्याला लागूनच मशीनने खोल भोक पाडायचं ठरलं. तिथे खरंच सोनं असलं तर वस्ती उठवतील, असं माणसं बोलू लागली. काही जण खूशही होते. माझं माहेर धरणात गेलेलं आहे. उठवलेल्या माणसांना पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, त्यात माझी आई कशी दिवस काढून मेली ते मी पाहिलंय. मशीन चढवायला रस्ता करू लागले तेव्हा मी सांगायचं ठरवलं.

मॅडम चुलीपाशी बसल्या होत्या. मी भाकरीकडे बघतच बोलले.

"मॅडम, ते सोनं डोंगराचं न्हाई. आमचं हाय."

आणि सगळं सांगितलं. त्या बाईमाणूस, म्हणून सांगता आलं.

"कधीपासून सोडता मणी?"

"आत्याबाईंच्या आत्याबाईंनी बी सोडलेत."

त्यांनी हातातला पिठाचा गोळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, हे मला साहेबांना सांगावं लागेल."

"पुरुषमाणसाला सांगायचं नसतं."

"मग मशीन कशी थांबवू?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

मॅडमनी साहेबांना सांगितलं. गाळ सोडून भिंतीतला दगड पुन्हा तपासला, त्यात काही निघालं नाही. तंबू उठला. जाताना मॅडमनी माझा हात धरला. "पाणी वाचलं, ताई," म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

पण साहेबांचं मण्यांविषयीचं बोलणं मजुरांनी ऐकलं होतं, मजुरांकडून ते वस्तीत आलं. रोज संध्याकाळी पुरुष देवळापाशी बसू लागले. एका सकाळी त्यांनी विहिरीवरचं डिझेलचं इंजिन उचललं आणि वर चालले. सासूबाई वाट अडवून उभ्या राहिल्या.

"आसरांचं हाय ते. हात लावू नका."

"म्हातारे, आसरांना कुठं लग्नाला जायचंय? त्यांना नारळ देऊ की," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मालक हसले नाहीत. पण पाईप त्यांच्याच खांद्यावर होता.

त्यांनी टाकं उपसलं. तळाचा गाळ खरवडून, घमेल्यात धुऊन मणी वेचले. उघडा दगड लागेपर्यंत खरवडलं. घोडेगावच्या सोनार शेठने सगळं वितळवून दिलं, ते इतकं थोडं निघालं की वाटणीवरून दोन सख्खे भाऊ आजही बोलत नाहीत. मालकांनी एक मणी बाजूला ठेवला होता. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "तुझाच आसंल." तिथले सगळे मणी सारखेच. मी तो कमरेच्या पिशवीत टाकला.

पावसाळ्यात टाकं भरलं, पण दिवाळीपर्यंत कोरडं पडलं. खडकाच्या भेगा त्या गाळानेच बुजलेल्या होत्या. गाळ गेला, पाणी धरेना. आता होळीपासून टँकर येतो. चार घरांना कुलपं लागली, ती माणसं चाकणला गेली.

यंदा आमची सून बाळ घेऊन आली. सासूबाईंना आता वर चढवत नाही. "घेऊन जा तिला," त्या म्हणाल्या. "पाणी नसलं तरी आसरा हायेत."

सुनेच्या मंगळसूत्रातला मणी मी काढू दिला नाही. पिशवीतला तो जुना मणी तिच्या हातात दिला. ती कोरड्या टाक्याच्या काठावर उभी राहिली.

"आत्या, कुठं सोडू?"

"तिथंच सोड."

मणी दगडावर वाजला, घरंगळत गेला आणि कोपऱ्यात थांबला. दोघींना तो स्पष्ट दिसत होता. आम्ही खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच वर गेले. कोपऱ्यात मणी नव्हता. भेगेत बोट घालून पाहिलं, तिथेही नव्हता. वस्तीतल्या कोणी नेला, की माझ्याच घरातल्या, ते मी कोणाला विचारलं नाही. खाली टँकरचा हॉर्न वाजला. मी हंडे घ्यायला उतरले.