पाचवारीला चालेल अशी फ्रेम

सायकलवर बसण्याआधी तो निऱ्या आवरायचा. अंगात पँट असो, लेंगा असो, डावा हात आपोआप पोटाशी जायचा, नसलेल्या निऱ्या गोळा करायचा आणि मग स्वारी सीटवर चढायची. भंडाऱ्याजवळ शहापुरात, हमरस्त्यावर माझं सायकलचं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हा तुम्हीही पाहिल्या असतील, पण ही तऱ्हा पाहिली नसेल.

जवळच्याच खेड्यातला तो धानाचा शेतकरी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्यात हा नायिका व्हायचा. त्याला लुगडं नेसवावं ते त्याच्या बायकोनंच, दुसऱ्या कुणाच्या हातचं नेसणं त्याला पटायचं नाही. त्यामुळे घरूनच नटून-थटून, ओठ रंगवून, राणी सायकलवर निघायची. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. हा मान वेळावून त्यांना नमस्कार करायचा.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा एक दिवस तो तणतणत दुकानात आला.

"भाऊ, मले फ्रेम बदलवाची आहे."

"काहून? चांगली तं आहे."

"राजा-राणीचे खेळ बंद झाले. आता सामाजिक नाटक. हिरोइन पाचवारी नेसते. नऊवारीले कासोटा होता, टांग टाकता येत होती. पाचवारीत कशी टाकू?"

मुद्दा बिनतोड होता. मी बिनदांडीची लेडीज फ्रेम दाखवली. त्यानं ती खालून-वरून न्याहाळली.

"अन् धानाचं पोतं कुठी ठेवू? तुह्या डोक्यावर?"

दोन्ही फ्रेमी समोर ठेवून तो दुपारभर बसून राहिला. मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा माणूस इतका विचार करत नाही. शेवटी आम्ही लेडीज फ्रेमला नटबोल्टची दांडी बसवली. शेतावर जाताना कसायची, नाटकाला जाताना काढायची. काढलेली दांडी तो कॅरिअरला बांधून न्यायचा. एका गावी खलनायकाची काठी हरवली, तेव्हा खलनायकानं नायिकेच्या बापाला हीच दांडी हाणली. बाप खरोखरच कळवळला आणि लोकांनी वन्समोअर मागितला.

असे काही हंगाम गेले. मग त्याच्या मंडळानं नागपूरहून बाई आणली. खरीखुरी बाई.

तो आला तो पायी, सायकल हातात धरून.

"बाईचं काम बाईनंच केलं, तं त्यात कला कायची? सांग ना, भाऊ."

मी सायकल त्याच्या हातातून घेऊन स्टँडला लावली.

"मले बापाचं काम देऊन राहिले. धोतर, टोपी, अन् दुसऱ्या अंकात हार्ट अटॅक. तिसऱ्या अंकात मी फोटोत." त्यानं सायकलच्या दांडीवर थाप मारली. "दांडी पक्की करून टाक. वेल्डिंगच मार. आता कोनासाठी काढाची?"

मला वाईट वाटलं. उगाच हसून मी शेजारच्या वेल्डरला हाक मारली. वेल्डरनं चष्मा चढवला, तशी यानं सायकल मागे ओढली.

"थांब. बिनदांडीची एक चक्कर मारून येतो."

मी बोल्ट सैल करून दांडी काढली. तो सायकलवर बसला आणि निघाला. त्याचं गाव डावीकडे होतं, हा उजवीकडे वळला. वेल्डर संध्याकाळपर्यंत वाट पाहून घरी गेला.

पुढे बाजारकऱ्यांकडून कळलं, की भंडारा, तुमसर मागे टाकून तो सिहोऱ्याकडे पोचला. तिथल्या एका दंडारीत, म्हणजे लोकनाट्याच्या फडात, अजून गडीमाणसंच बाया व्हायची. स्वारी तिथे पुन्हा राणी झाली होती.

मंडईचा हंगाम उतरणीला लागला तेव्हा त्याची बायको दुकानात आली. दांडी न्यायला आली असावी, म्हणून मी ती पुसून पुढे केली.

"ते नोको. त्याईले आता नाही लागत," ती म्हणाली. "मले दांडीवाली सायकल दाखवा, भाऊ. पोतं राइस मिलले कोन नेईन?"

दुकानात बसलेले दोघं-तिघं खुसखुसले. तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला आणि जुन्या जेन्ट्स सायकलवर टांग टाकली. नऊवारीच ती, काही अडलं नाही. एकदा पडली, उठली, पुन्हा चढली.

मला मात्र त्याचा संताप आला होता. शेती बायकोच्या गळ्यात टाकून हा तिकडे राणी होऊन बसला होता! राहवेना म्हणून विचारलं, "वहिनी, राग नाही येत?"

"येते ना. होळीले घरी येऊ द्या, दाखवतो त्याईले." ती हँडल सरळ करत होती. "पन भाऊ, स्टेजवर त्याईचं रडनं पाह्यलं का तुमी? माही माय मेली तवा मलेही तसं रडता नाही आलं. त्याईच्या हाती टोपी देऊन फोटोत बसवाचं का?"