गोळी कुठे ठेवायची

अलिबागच्या दवाखान्यात सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर्व्हिक्स आखूड झालंय." सर्व्हिक्स म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. मी जन्मभर ब्लाऊज शिवलेली बाई. विचारलं, "मग दोन बोटं सोडता येतील का?"

सून रेश्मा आतल्या खोलीत कपडे सावरत होती. पोटात जुळं, सहावा महिना नुकता लागलेला. तोंड आताच उघडलं तर दोन्ही पोरं हाती लागणार नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. माझं हसू तिथंच वाळलं.

औषध दिलं प्रोजेस्टेरॉन. गर्भ टिकवणारं हे हार्मोन बायकांच्या अंगात असतंच, गोळीने वरून आणखी देतात. जुळं आहे म्हणून सरसकट नव्हे, तोंड आखूड असेल तर. शेजारी आमचे हे बसलेले. त्यांच्याकडे बघून बाईंनी आवाज उतरवला. "रोज झोपताना एक, खाली ठेवायची."

मी सगळं कळल्यासारखी मान हलवली.

तेव्हाची मी म्हणजे एकसष्ट वर्षांची पोरगी. अक्कल बेताची, ऐट भरपूर. बाई इतकं हळू बोलल्या म्हणजे गुपित असणार, म्हणून रेश्मालाही सांगितलं नाही. रोज तिची उशी झटकायची आणि खाली एक गोळी ठेवायची.

चौथ्या दिवशी रेश्मा तीन गोळ्या तळहातावर घेऊन आली. चेहरा पांढराफटक. "आई, कुणी करणी केलीय का आपल्यावर?"

"न्हाय गं, तुझं औषध हाय ते."

तिने डॉक्टरांचा कागद मागितला, वाचला आणि लगेच रिक्षा बोलावली. रिक्षात अलिबागपर्यंत मी नवस बोलत होते, तिचे दोन्ही हात पोटावर.

बाईंनी पुन्हा तपासलं. तोंड होतं तेवढंच होतं. "खाली म्हणजे योनीमार्गात हो, मावशी. चुकलं माझंच, मी लाजले."

पुढे रेश्मा स्वतःच गोळी ठेवायची. मी दाराबाहेरून विचारायचे, "ठेवलीस?" छत्तिसाव्या आठवड्यात दोन नाती आल्या, रडक्या आणि धडधाकट. गोळीनेच तरल्या, असं बाई छातीठोक सांगत नाहीत. मी मात्र त्यांना दर दिवाळीला करंज्या पोचवते.

आणि बायांनो, गावात कुणाला ही गोळी सुरू झाली की मी घरी जाऊन 'योनीमार्ग' असं रेवसच्या जेट्टीपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने सांगते. परवा आमचे हे म्हणाले, "जरा हळू."

म्हटलं, हळू बोलण्यातच तीन दिवस गेले होते.